बंडोपंतांनी ठरवलेलं झाड

आमच्या लेआऊटचं नाव समाधान लेआऊट. तिथे समाधान सोडून सगळं आहे. सिमेंटचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी नाली आहे, खांबांवर दिवे आहेत आणि त्यांतले काही लागतातसुद्धा. नव्हतं ते फक्त झाड. ज्यानं हे लेआऊट पाडलं, त्यानं आधी इथल्या बोरी-बाभळी साफ केल्या आणि मग प्रवेशाच्या कमानीवर हिरव्या रंगात एक डेरेदार झाड रंगवून घेतलं. मे महिन्यात सेलूच्या उन्हात डोक्याला स्कार्फ गुंडाळून मी शाळेच्या कामावरून घरी यायची, तेव्हा त्या रंगवलेल्या झाडाकडे बघून मला असा राग यायचा की सांगता सोय नाही.

माझ्या घरासमोर बंडोपंत राहतात. आमच्याच शाळेत ते कारकून होते. त्यामुळे आधी टेबलापलीकडून आणि आता रस्त्यापलीकडून मी त्यांना बघत आले आहे. या माणसाचा सगळा स्वभाव एका शब्दात मावतो. तो शब्द म्हणजे ‘चालेल’. पंत, आज उशिरापर्यंत थांबता का? चालेल. पंत, तुमची खुर्ची पाहुण्यांना हवी आहे. चालेल. एकदा स्नेहसंमेलनात फोटोग्राफरनं ‘सरका, अजून सरका’ करत करत पंतांना फोटोच्या बाहेरच काढलं, तर ते बाहेर उभे राहूनही कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

घरात सगळं शरयूताई ठरवतात. प्लॉट त्यांनी निवडला, घराला पिस्ता रंग त्यांनी दिला, पंतांच्या चष्म्याची फ्रेमही त्यांचीच पसंती. पंतांना दोडका आवडतो असं त्यांनी लग्नानंतर केव्हातरी ठरवलं आणि तेव्हापासून पंत दोडका आवडीनं खातात. लेआऊटमधले लोक शरयूताईंना खाष्ट म्हणतात. मी म्हणत नाही. एका संक्रांतीला मला वाण देता देता त्या सहज बोलून गेल्या होत्या. “मॅडम, या माणसानं कधीतरी नुसतं म्हणावं, आज पिठलं कर. मी आनंदानं करीन हो. पण नाही. रोज उठून दोन माणसांचं डोकं मी एकटीनंच चालवायचं.”

हे मी का सांगते आहे, ते पुढे कळेल.

मागच्या वर्षी आखाडात नगरपंचायतीचा माणूस मोटारसायकलवर आला. म्हणाला, रस्त्याच्या कडेनं लावायला रोपं फुकट मिळतील, खड्डे आम्ही खणून देऊ, लोखंडी जाळ्याही बसवून देऊ. अट एकच. एका रस्त्याला एकाच जातीचं झाड आणि ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ठरलं नाही तर रोपं पलीकडच्या आनंद लेआऊटला जातील. आता आनंद लेआऊटला आधीच बगीचा आहे, घसरगुंडी आहे, नळाला पाणीही आमच्या आधी येतं. त्यांना झाडंही जाऊ देणं शक्यच नव्हतं. म्हणून पंतांच्या ओसरीवर मीटिंग बसली. ठरेल ते नगरपंचायतीला कळवायचं काम कोणाला नको होतं, म्हणून सगळे पंतांकडे वळून म्हणाले, तुम्ही बघता का? पंत काय म्हणाले ते सांगायला नको.

मीटिंगा तीन झाल्या. त्यात झाड ठरलं नाही, पण कोणतं झाड का नको याचं संपूर्ण शिक्षण मला मिळालं. कडुनिंब नको, कारण पाला गच्चीवरच्या टाकीत पडतो. वड नको, कारण वटपौर्णिमेला अर्ध्या गावच्या बायका आमच्याच दारात सूत गुंडाळायला येतील आणि गाड्या अडकतील. आंब्याला पोरं दगड मारतात आणि दगड खिडकीला लागतात. चिंच म्हटल्याबरोबर कोपऱ्यावरचे डॉक्टर, एमबीबीएस झालेले, म्हणाले की आमचा विश्वास नाही पण दारात चिंच नको. आपटा दसऱ्याला उरत नाही, बेल श्रावणात उरत नाही. सप्तपर्णीचा वास एकीच्या डोक्यात जातो, गुलमोहर वादळात गाडीवर पडतो.

गाडीची काळजी देवेंद्रला. हा पंतांच्या शेजारचा, नागपूरला कंपनीत इंजिनिअर, आणि त्याची पांढरी गाडी त्याच्या मुलीपेक्षा जास्त वेळा आंघोळ करते. त्याला असं झाड हवं होतं ज्यावर पक्षी बसणार नाही, ज्याचं पान पडणार नाही, ज्याची मुळं पसरणार नाहीत आणि ज्याची फांदी तारेला लागणार नाही. मी म्हटलं, असं झाड आहे की आपल्याकडे, कमानीवर रंगवलेलं. मग तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. त्याचं म्हणणं, रॉयल पाम लावा, नागपूरच्या मोठ्या बंगल्यांपुढे तेच असतात. त्यावर रस्त्याच्या टोकाला राहणारे महादेवराव शांतपणे म्हणाले की त्याच्या सावलीत बसणाऱ्या माणसाला दर घडीला उठून सरकावं लागेल. महादेवरावांची शेती केळझर रोडला, घरामागे बैलजोडी बांधलेली. आख्ख्या लेआऊटमध्ये झाडाखाली खरोखर बसलेला माणूस तेवढा एकच.

तिसरी मीटिंग चहा संपल्यावर भांडणात मोडली. दुसऱ्या दिवशी नगरपंचायतीला नाव सांगायचं होतं. संध्याकाळी पंत माझ्या फाटकाशी आले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “मॅडम, पळसाला कोणी नाही म्हटलेलं नाही.”

मी म्हटलं, पळसाचं नावच कोणी काढलं नाही, तर नाही कोण म्हणणार?

“तेच ना,” पंत म्हणाले. “म्हणजे विरोध नाही.”

मग हा मुखदुर्बळ माणूस माझ्या फाटकाला धरून जो बोलत सुटला, तो थांबेना. पंतांचं बालपण केळझरचं. शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पळस होते. फाल्गुनात त्यांच्यावर पान एक नाही, नुसती केशरी फुलं. आई ती फुलं रात्रभर भिजवून धुळवडीचा रंग करायची आणि तो अंगाला लागला की लवकर निघू नये म्हणून हे आंघोळ चुकवायचे. पळसाचं मूळ सरळ खाली जातं, भिंतीला धक्का नाही. पाणी मागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. ऐन मे महिन्यात त्याला नवी पानं येतात, म्हणजे सावली हवी तेव्हाच सावली. हे सगळं त्यांनी तीन मीटिंगा तोंड मिटून बसल्या बसल्या मनाशी जुळवलं होतं.

“मला पळस हवा आहे,” शेवटी ते म्हणाले.

‘मला हवा आहे’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. मी म्हटलं, मग आधी शरयूताईंच्या कानावर घाला. त्यांनी मान हलवली. “नको. तिनं दुसरं काही सुचवलं तर मी चालेल म्हणून मोकळा होईन. मला माझी खात्री नाही.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपंचायतीत जाऊन ते पळस सांगून आले.

बातमी फुटल्यावर लेआऊट खवळलं. रानातलं झाड दारात? फुकटात मिळतंय तर काहीतरी विकतचं मागायचं, जे रस्त्याच्या कडेला फुकट उगवतं ते काय मागायचं? डॉक्टर म्हणाले, पाहुण्यांना काय सांगू, पत्रावळीचा कारखाना काढतो आहे? शरयूताईंनी सलग दोडका केला. पंतांनी तो आवडीनं खाल्ला, पण नगरपंचायतीत जाऊन शब्द बदलला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि मी तो लेआऊटभर बोलूनही दाखवला, कारण देवेंद्रला त्याचा त्रास होत होता.

रोपं आली ती नेमकी पोळ्याच्या दिवशी दुपारी. गाडीवाल्यानं ती पंतांच्या दारात उतरवली आणि बजावलं की परवा सकाळी साहेब फोटो काढायला येणार. प्रत्येक फाटकापुढे रोपं जमिनीत उभी दिसली तर जाळ्या मिळतील. नाही दिसली तर खड्डे बुजवून सगळं आनंद लेआऊटला. एवढं सांगून तोही पोळा बघायला निघून गेला.

त्या वेळी सगळं लेआऊट पोळ्याच्या मैदानावर होतं, जिथे सजवलेले बैल तोरणाखालून काढतात. महादेवरावांच्या बैलांची शिंगं त्या वर्षी देवेंद्रनं गाडीच्या उरलेल्या रंगानं रंगवली होती, ती बघायला बाकीचे गेले होते. पंत एकटे राहिले आणि त्या एकट्या माणसानं पावसाच्या भुरभुरीत, धोतराचा काचा मारून, प्रत्येक घराच्या फाटकाशी डावी-उजवीकडे एकेक पळस लावला. मांडीएवढी उंच रोपं, वर तीन-तीन पानांचे झुबके. अंधार पडताना आम्ही परतलो तेव्हा ते चिखलानं माखून आपल्या ओसरीवर बसले होते आणि कोणीतरी नुकतंच बक्षीस दिल्यासारखे दिसत होते. शरयूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आंघोळीचं पाणी तापत ठेवलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या करतात. त्यांना मेढे म्हणतात. घरादारातली इडापिडा रात्रभरात त्या मेढ्यांवर जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे, ते मेढे उचलायचे, पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या नावानं मोठ्यानं ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे आणि मागे वळून बघायचं नाही. आमच्या लेआऊटमध्ये हे सगळं महादेवरावांच्या पत्नी आनंदाबाई एकट्या करतात. बाकीचे आम्ही आळशी. दर वर्षी त्याच सगळ्यांच्या दारात मेढे ठेवतात, त्याच उचलतात, आणि वर आम्हाला चार शब्द सुनावतात.

पाडव्याच्या पहाटे मला अंथरुणातच त्यांचा आवाज ऐकू आला. “खोकला, ताप, डास, माश्या घेऊन जाय गे मारबत!” मागून त्या ओढत असलेल्या हातगाडीचा खडखडाट. मी दर वर्षीप्रमाणे खिडकी किलकिली करून ओरडले की आनंदाबाई, शाळेची ऑनलाइन माहिती भरायचं कामही त्यात घाला. त्यांनी घातलं. देवेंद्रनं गच्चीवरून आपल्या कंपनीच्या मॅनेजरचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी समोरच्या नव्या डॉक्टरांचं सांगितलं, पण हळू आवाजात. सगळ्यांची पीडा गोळा करून हातगाडी नाल्याकडे गेली आणि मी समाधानानं पुन्हा झोपले.

जाग आली ती रस्त्यावरच्या शांततेनं. बाहेर येऊन बघते तर पंत हातात झारी घेऊन आपल्या फाटकाशी उभे. समोर खड्डा, आत पाणी, रोप नाही. पलीकडे खड्डा. माझ्या दारात खड्डा. रस्ताभर नुसते खड्डे. पंत एकेका खड्ड्यापाशी जाऊन आत वाकून बघत होते.

तेवढ्यात आनंदाबाई रिकामी हातगाडी घेऊन परतल्या. चेहऱ्यावर मोठं समाधान. पंतांना म्हणाल्या, यंदा पहिल्यांदा, मी ठेवायच्या आधीच, लेआऊटवाल्यांनी आपल्या हातानं मेढे लावले, तेही कसे, चांगले खोल रोवून. ओढताना कंबर धरली, पण जीव खूश झाला.

मीच सांगितलं की आनंदाबाई, ते मेढे नव्हते, ती रोपं होती. पंतांनी लावलेली झाडं.

आनंदाबाईंनी हातगाडी सोडली. “झाडं? मॅडम, पळस कोणी लावते का? तो तं आपल्या आप येते. लेआऊटात बोलून राह्यले होते पळस-पळस, मले वाटलं मजाक करते.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “मुळ्या दिसल्या तं मले वाटलं, पंतानं यंदा मुळासकट आणले. म्हणजे पीडा मुळासकट जाईन.”

सगळे पंतांकडे बघायला लागले. आम्हाला माहीत होतं आता काय होणार ते. पंत एक ‘चालेल’ म्हणतील, झारी ठेवतील, आत जातील, आणि उद्या रोपं नाहीत म्हणून साहेब खड्डे बुजवून जातील. पंतांनी तोंड उघडलं. ‘चा’ ओठांवर आल्यासारखा दिसलाही.

“नाही,” ते म्हणाले. “नाही चालणार.”

आणि झारी हातात तशीच घेऊन तरातरा नाल्याच्या रस्त्याला लागले. आम्ही मागोमाग. जाताना डॉक्टर मला विचारत होते की यांना काही झालं तर नाही ना. मी म्हटलं, झालं आहे, पण उशिरा झालं आहे.

शिवेवर नाल्याच्या काठाला गावभरच्या मेढ्यांचा ढीग पडला होता आणि त्याच्या एका अंगाला आमची रोपं, मुळांवर चिखल, पानं अजून टवटवीत. पंतांनी त्यांच्यावर झारीनं पाणी घातलं. पण ते रोप उचलायला वाकले, तशा आनंदाबाई आडव्या आल्या. “पंत, तुमच्या पाया पडतो, पण शिवेबाहेर टाकलेलं परत गावात नाई आणाचं. कोणाचा ताप, कोणाचा खोकला, सारं भरून हाय त्याच्यावर.” देवेंद्र म्हणाला, माझा विश्वास नाही, पण रिस्क कशाला? मॅनेजरचं नाव त्यानं स्वतः घातलं होतं, ते परत दारात येऊन उभं राहायला त्याला नको होतं. खरं सांगते, शाळेची ऑनलाइन माहिती मलाही परत नको होती.

पंत तिथल्या एका दगडावर बसले. म्हणाले, झाडं येणार नसतील तर मीही येत नाही.

आता हसावं की रडावं कळेना. साठी ओलांडलेला माणूस, मांडीवर झारी, गावाबाहेर पीडेच्या ढिगापाशी रुसून बसलेला. कोणीतरी शरयूताईंना बोलवायला धावलं. त्या आल्या. गर्दीनं वाट करून दिली. सगळ्यांना वाटलं, आता त्या दंडाला धरून उठवतील आणि प्रश्न मिटेल.

“उठा, चहा निवतोय,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

शरयूताईंनी आवाज खाली आणला. “बरं. मग काय करायचं ते तुम्ही सांगा.”

हे पंतांना अगदी अनपेक्षित होतं. नाही म्हणण्याची त्यांनी तयारी केली होती, पुढची केली नव्हती. त्यांना घाम फुटला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ढिगाकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं. रस्त्यानं दोन-चार पोरं आपले चाकांवरचे लाकडी नंदी दोरीनं ओढत निघाली होती. पाडव्याला आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठ्यांचा बैलांचा, पोरांचा लाकडी नंद्यांचा. पंत त्या चाकांकडे बघत राहिले.

“आनंदाबाई,” ते म्हणाले, “तोरणाखालून जे येतं ते कसं असतं?”

“ते शुभच अस्ते,” आनंदाबाई म्हणाल्या. “बैल तोरणाखालून येते, म्हणून तं त्याची पूजा होते.”

“मग संध्याकाळी ही रोपं नंद्यांवर ठेवायची. तोरणाखालून आणायची.”

आनंदाबाईंनी हनुवटीला हात लावला. धर्माचा प्रश्न होता, घाई करून भागणार नव्हतं. महादेवराव काही बोलायला गेले तर त्यांनी त्यांना हातानंच गप्प केलं. शेवटी म्हणाल्या, “आंघोळ घालाव लागन. हळद-कुंकू लावाव लागन. अन् येताना दुसऱ्या रस्त्यानं. मंग येऊ द्या.”

पंतांना सुटल्यासारखं झालं असावं. पण जन्माची सवय. ते शरयूताईंकडे वळले आणि भीत भीत विचारलं, “चालेल?”

“चालेल,” शरयूताई म्हणाल्या.

तो शब्द त्यांच्या तोंडात नवा होता, त्यामुळे थोडा अडखळला. मग त्यांनी विचारलं, चहाचं काय? पंतांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, इथेच आण. एका सकाळीत दुसरा निर्णय. मी बघतच राहिले.

त्या संध्याकाळसारखा तान्हा पोळा सेलूनं पाहिला नसेल. प्रत्येक नंदीच्या पाठीवर आंघोळ घातलेलं, हळद-कुंकू लावलेलं, सुतळीनं बांधलेलं पळसाचं रोप. देवेंद्रकडे सागवानी नंदी आहे, मोठा, घासून पॉलिश केलेला. तो त्यावर चिखल लागू देईना. शेवटी त्याच्या मुलीनं, आचलनं, रोप बांधल्याशिवाय मी नंदी ओढणारच नाही म्हणून रस्त्यात बैठक मारली. रुसून बसायचं ती सकाळीच पंतांकडून शिकली होती. आणि त्याच नंदीला ‘पर्यावरणाचा संदेश’ म्हणून पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून देवेंद्र सगळ्यांना सांगतो की पळसाची कल्पना मुळात त्याची.

तोरणाखालून आल्यावर पोरं रिवाजाप्रमाणे बोजारा मागायला दारोदार गेली. दारात नंदी आला की त्याला ओवाळावं लागतं आणि पोरांच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं. नंदीवर रोप होतं, म्हणजे रोपालाही ओवाळावं लागलं. आणि एकदा ओवाळल्यावर ते दारातून परत कसं पाठवणार? डॉक्टरांनी स्वतः खुरपं मागून आणलं. रॉयल पामवाल्यांनी लावलं, गुलमोहरवाल्यांनी लावलं, मीही दोन लावली. पंत फक्त हात मागे बांधून रस्त्यानं फिरत होते आणि थोडं डावीकडे, थोडं सरळ, असं सांगत होते. लोक ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. फोटो काढता काढता त्यांनी विचारलं, रोपांना हळद-कुंकू काऊन? महादेवराव म्हणाले, पाहुणे हाय ते. साहेबांनी मान डोलावली. जाळ्या मात्र आल्या त्या दिवाळीनंतर. तोवर आम्ही बोरीच्या काट्या लावल्या.

पळस सावकाश वाढतो. फुलं यायला बरीच वर्षं लागतील असं सगळे पंतांना ऐकवतात, आणि पंतांचं वय बघता ते ऐकवणं काही बरं नाही. पंत म्हणतात, मला काय घाई आहे. शरयूताई मध्यंतरी मला दळणाच्या चक्कीवर भेटल्या. म्हणाल्या, मॅडम, एक दिवस हे उठले आणि म्हणाले आज पिठलं कर. मी म्हटलं, वा. तर त्या म्हणाल्या, वा काय, तेव्हापासून रोज तेच सांगतात. पण सांगताना चेहरा हसरा होता आणि पिशवीत बेसनासाठी डाळ होती.

परवा पुन्हा पोळा झाला. आनंदाबाईंनी यंदा सगळ्यांच्या दारात फांद्या ठेवल्या, पण चूक नको म्हणून काल पाडव्याच्या पहाटे हात लावून खात्री करत निघाल्या. जे हातात येईल तो मेढा, जे येणार नाही ते झाड. माझ्या दारातलं त्यांनी ओढून पाहिलं, देवेंद्रच्या दारातलं पाहिलं. पंत आपल्या खिडकीत उभे होते, चहाचा कप ओठाशी धरून, पण पीत नव्हते. त्यांच्या फाटकाशी आल्यावर आनंदाबाईंनी पदर खोचला, दोन्ही हातांनी खोड धरलं आणि मागच्या वर्षीसारखी कंबर लावून ओढलं. मग पुन्हा एकदा ओढलं. पळस जागचा हलला नाही, पानावरचं पाणी तेवढं त्यांच्या अंगावर पडलं.

“पंत,” त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, “हे आता नाई निघत.”